सिद्धाप्पाची नजर आणि मोटारीचं लैसन

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या बायकांना आपापल्या छपराची खबर हवी असली की त्या सिद्धलिंगप्पाला, म्हणजे गल्लीच्या सिद्धाप्पाला, विचारायच्या. कुणाचं कौल सरकलंय, कुणाच्या पत्र्यावर कुणाचं धोतर वाळतंय, लिंबाच्या कुठल्या फांदीला पतंग अडकलाय, हे सगळं त्याला तोंडपाठ. मात्र त्याच्या स्वतःच्या उंबऱ्याचा खिळा वर आला होता आणि त्यावर तो रोज ठेचकाळत होता, त्याचा त्याला पत्ता नव्हता. रोज ठेच लागली की तो आभाळाकडं बघून कळवळायचा आणि पुढं जायचा.

हा काही वेडेपणा नव्हता. त्याला कारण होतं, आणि कारण मोठं मानाचं होतं. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघतात. कळकाच्या उंचच उंच काठ्या, सजवलेल्या, जड. कमरेच्या पट्ट्यात बुंधा टेकवायचा आणि एकट्या माणसानं तोल सावरत गर्दीतून चालायचं. काठी धरणाऱ्याची नजर शेंड्यावर. ती एकदा हलली की काठी हलली. पायाखाली खड्डा आहे की दगड, हे बघायला चार माणसं भोवतीनं चालतात आणि ओरडून सांगतात. काठीवाला नुसतं ऐकतो आणि पाय टाकतो. मिसरूड फुटल्यापासून सिद्धाप्पानं काठी धरली होती. गावात त्याच्याइतका स्थिर हात दुसरा नाही असं म्हणत. पण यात्रा वर्षातून एकदाच येते, आणि सिद्धाप्पाची मान बाराही महिने वरच.

त्याच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा सगळा मांडव नवरीकडं बघत होता आणि नवरदेव मांडवाकडं. बायकोचं नाक सरळ आहे की बसकं, हे त्याला पहिल्या दिवाळीला कळलं, असं शेजारच्या अंबुबाई सांगत. अंबुबाईंच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्यावं, पण उरलेलं निम्मंही पुष्कळ असायचं.

ती नवरी म्हणजे चन्नम्मा, अक्कलकोटाकडची. तिनं महिन्याभरात ओळखलं की हा माणूस डोळ्यांनी चालत नाही, कानांनी चालतो. मग दोघं बाजाराला निघाली की ती त्याच्या मागून दोन पावलं ठेवून चालायची आणि कानडीत पुटपुटायची. एडक्क म्हणजे डावीकडं, बलक्क म्हणजे उजवीकडं, निल्री म्हणजे थांबा. लोकांना वाटायचं बाई नामस्मरण करतेय. गल्लीतल्यांना खरं माहीत होतं, आणि ते गालातल्या गालात हसायचे. सिद्धाप्पाचं मात्र छान चाललं होतं. चन्नम्मा मागं असली की तो गटारात पडत नसे.

पोटासाठी तो सर्व्हिस मोटारीवर क्लीनर होता. सोलापूरहून मोहोळ आणि मोहोळहून मोडनिंब, अशी ती गाडी धावायची. हँडल मारणं, रेडिएटरात पाणी ओतणं, टपावर गाठोडी, कोंबड्या आणि कधी एखादं करडू बांधणं, ही कामं त्याची. टपावरच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, नजरच तिथं असायची. गाडीचा डायवर मकदूम. सगळे त्याला मकदूमचाचा म्हणत. पांढरी दाढी, तोंडात पान, आणि दर मैलाला शिव्यांचा एक वेगळा संच. मोटारीला, रस्त्याला, समोरच्या बैलगाडीला आणि क्लीनरला अशा चार जातींच्या शिव्या तो वेगवेगळ्या ठेवी, एकाची दुसऱ्याला देत नसे.

मागल्या यात्रेला सिद्धाप्पाच्या कमरेत उसण भरली. काठी त्यानं ठिकाणावर नेली, पण नंतर महिनाभर त्याला उठून बसता येईना. वैद्यानं सांगितलं की आता काठी नाही. काठी बसलिंगाकडं गेली. तो तरुण गडी सिद्धाप्पानंच तयार केला होता. काठी सोडताना सिद्धाप्पा रडला नाही, पण त्या दिवसापासून तो जरा जास्तच वर बघायला लागला.

त्याच सुमारास मकदूमचाचानं जाहीर केलं की संक्रांतीनंतर तो गाडी सोडणार. लेक गुलबानो गुलबर्ग्याला दिली होती, तिच्याकडं जाऊन नातवंडांना शिव्या शिकवायच्या असा त्याचा बेत होता. गाडीचे मालक बाळासो मोडनिंबचे. त्यांना चाचानं सांगितलं, चाक सिद्धूच्या हातात द्या. बाळासो म्हणाले, देतो की, पण पोलिसांचं लैसन आणलं पाहिजे, आणि संक्रांतीच्या आत आणलं पाहिजे. नाहीतर पुण्याचा एक डायवर येऊन भेटून गेलाय. काळा चष्मा घालतो, सिगारेट ओढतो, आणि क्लीनर स्वतःचा आणतो.

शेवटचे चार शब्द ऐकून सिद्धाप्पाचा चेहरा उतरला. काठी गेली होती, आता गाडीही जाणार होती.

चाचानं शिकवणी सुरू केली. चाक, गेर, क्लच, ब्रेक हे सगळं सिद्धाप्पाला इतकी वर्षं बघून येतच होतं. अडचण नियमांची आणि रस्त्यावरच्या पाट्यांची. पाट्या म्हणजे लाल त्रिकोणाखालच्या चित्रांच्या. सबंध लायनीवर मोजून पाच-सहा उभ्या होत्या, पण परीक्षेला सगळ्या विचारणार. आपल्या जिल्ह्यात घाट म्हणावा असा घाट नाही, तरी घाटाची पाटी पाठ करायची. चाचा कोळशानं गाडीच्या पत्र्यावर चित्रं काढायचा आणि मोहोळला गाडी पाणी प्यायला थांबली की विचारायचा.

मशालीचं चित्र आलं तेव्हा सिद्धाप्पा म्हणाला, वरात. चाचा म्हणाला, शाळा. शाळा दिवसा भरते, तिला मशाल कशाला, असं सिद्धाप्पानं विचारलं. ते चाचालाही माहीत नव्हतं. सरकारनं सांगितलं म्हणजे शाळा, असं म्हणून त्यानं चौथ्या जातीतली एक शिवी काढली.

हाताचे इशारे निराळे. उजवा हात सरळ बाहेर काढला की गाडी उजवीकडं वळणार. हात वर केला की थांबणार. हात गोल फिरवला की डावीकडं. पुढं झुलवला की मागच्यानं खुशाल पुढं जावं. सिद्धाप्पा हे इशारे घरी ओट्यावर बसून करायचा. भाजीवाली तीनदा थांबली, तीनदा चिडून गेली. अंबुबाई पाणी घेऊन चालल्या होत्या, तेव्हा नेमका पुढं जाण्याचा इशारा झाला. त्यांनी घागर खाली ठेवली आणि चन्नम्माला बोलावून विचारलं की तुझा नवरा परक्या बाईला हात हलवून कुठं जा म्हणतोय.

गाडीतल्या उतारूंनाही नियम पाठ झाले. रोजच्या बाजारकरणी म्हाताऱ्या सिद्धाप्पाच्या आधी उत्तरं द्यायच्या. केराबाई म्हणून मोहोळची एक कोंबड्या विकणारी होती. तिला उतरायचं असलं की ती आता हाका मारत नसे, खिडकीतून हात वर करून बसे. चाचा म्हणायचा, इस बाई को लैसन देव, कोंबड्यांसकट.

अशा तयारीनं सिद्धाप्पा परीक्षेला गेला. मोटारींचे फौजदार कमी बोलणारे, मिशा बारीक कातरलेले गृहस्थ. त्यांनी विचारलेलं सगळं त्याला आलं. बुजलेला घोडा समोर आला आणि घोडेवाल्यानं हात केला तर काय करशील? गाडी थांबवीन. रेल्वेचं फाटक? मशाल? फौजदार खूश झाले आणि शेजारी बसले. होटगीच्या रस्त्यानं चल म्हणाले. आणि गप्प बसले.

तिथंच सगळं बिनसलं. चाचा शेजारी असला की त्याच्या शिव्या चालू असायच्या: ही बैलगाडी, तो खड्डा, हे गाढव. सिद्धाप्पा त्या शिव्यांवर गाडी चालवत होता, हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं आणि चाचालाही नव्हतं. आता गाडीत नुसती शांतता. पुढं एक पाटी दिसली, खांबावर उंच. वळणाची पाटी. सिद्धाप्पाचे डोळे तिच्यावर गेले आणि तिथंच राहिले. काठीचा शेंडा धरावा तशी त्यानं ती पाटी नजरेत धरली. मान वर, चेहरा शांत, हात अगदी स्थिर. गाडी पाटीकडं सरळ, तोल न सोडता, संथपणे गेली आणि खांबाला जाऊन भिडली.

कुणाला लागलं नाही. खांब वाकला. फौजदार उतरले, टोपी झटकली आणि म्हणाले, "पाटी पाडणारे पुष्कळ बघितले. इतक्या भक्तिभावानं पाडणारा तू पहिलाच."

गल्लीत हे त्याच्या आधी पोचलं. पाटीवर वाकडी रेघ होती, आता पाटीच वाकडी आहे, असं पानाच्या दुकानावर म्हणायला लागले. कुणी म्हणालं सिद्धाप्पा खांबाच्या पाया पडायला गेला होता. अंबुबाईंच्या सांगण्यात तो खांब विजेचा झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर चढलेला माणूसही आला. सिद्धाप्पा ओट्यावर बसून कौलं बघत राहिला. फौजदारांनी एक मेहेरबानी केली होती: संक्रांतीच्या आधी आणखी एकदा ये म्हणाले होते. एकदाच.

चाचानं इलाज केला. सिद्धाप्पाचं मुंडासं भुवयांपर्यंत ओढलं, वरचं काही दिसू नये म्हणून. सिद्धाप्पानं मान मागं टाकली आणि मुंडाशाखालून आभाळ बघितलं. मग चाचानं त्याची मानच धरून ठेवली. एका हातानं मान आणि एका हातानं पान, असं मोडनिंबपर्यंत गेल्यावर चाचाचाच खांदा आखडला. चाचा हवालदिल होऊन चन्नम्माकडं आला आणि ओट्यावर बसून म्हणाला, "बेटी, नियम आतेत, गाडी आती. आंख नीचे नै उतरती. मेरेकू अब नै सूझता."

चन्नम्मानं त्याला ताक दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दारात रांगोळी काढली. ठिपके नाहीत, गोपद्म नाही. तीन कोनांचं एक घर, त्याखाली वाकडी रेघ. शेजारी फाटक. फाटकाशेजारी मशाल. सिद्धाप्पा बाहेर निघाला आणि तिनं आतून सांगितलं की रांगोळी ओलांडून जायची, पुसायची नाही, आणि कुठलं चित्र कुठल्या पायापाशी आहे ते संध्याकाळी सांगायचं. सिद्धाप्पानं खाली बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं म्हणा. त्या दिवशी त्याला उंबऱ्याचा खिळाही दिसला.

गल्लीतल्या बायकांनी मात्र वेगळंच बघितलं. चन्नम्मानं अक्कलकोटाहून नवी रांगोळी आणली, असं त्यांनी ठरवलं. आठवड्याभरात दारोदारी फाटकं उमटली, वळणं उमटली, चौकात चौक आले. अंबुबाईंनी सगळ्यांवर ताण केली: थोरल्या लेकीला बघायला पाहुणे येणार होते, त्या दिवशी त्यांनी दारासमोर हातभर लांबीरुंदीचा लाल त्रिकोण काढला आणि खाली घाटाचा उतार. मुलाचे मामा जेऊरला कुणाच्या तरी मोटारीवर डायवर होते. ते दारात आले, थबकले, पुन्हा एकदा बघितलं आणि मुलाच्या बापाला हळूच म्हणाले, पुढं धोक्याचा उतार आहे, जपून चला. बैठकीत हसण्याचा जो भडका उडाला, त्यात हुंड्याचा विषय काढायचाच राहून गेला आणि लग्न ठरलं. अंबुबाई पुढं बरीच वर्षं सांगत की ती रांगोळी शुभ असते.

पण रांगोळी दारापुरती. गाडीत बसल्यावर सिद्धाप्पाची मान परत वर. संक्रांत जवळ आलेली. एका सकाळी चन्नम्मा पाण्याला निघाली, डोक्यावर एकावर एक दोन घागरी घेऊन, आणि दारात थांबून नवऱ्याला म्हणाली, पुढं व्हा.

त्याला काही कळेना. तेव्हा ती जे बोलली ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं, कारण ती कधी इतकं बोलत नसे.

"इतकी वर्सं चार माणसं तुमच्यासाठी खाली बघत हुती. घरात मी बघितलं, गाडीत चाचा बघतोय. त्या चारांतला एक तुमी कदी झालाय काय? आता मी घागरी घेऊन डोळं मिटणार. रस्ता तुमी सांगायचा. मला पाडलं तर भरल्या घागरी तुमच्याच दारात फुटतील."

आणि तिनं खरंच डोळे मिटले.

सिद्धाप्पा पुढं झाला. उलटं, तिच्याकडं तोंड करून चालायला लागला, मग त्याच्या लक्षात आलं की असं मागं बघून चाललं तर पुढचं दिसणार नाही, म्हणून वळला. दगड, म्हणाला. मग गटार. एडक्क. आजून एडक्क. शेळी बसलीय, निल्लु, थांब. विहिरीपर्यंत जाताना त्याच्या कपाळावर घाम आला. येताना घागरी भरलेल्या, पाणी काठावर डुचमळतंय, आणि चन्नम्मा डोळे मिटून देवळात चालावी तशी चालतेय. गल्ली दोन्ही बाजूंना ओट्यांवर उभी राहिली. काठीचा मानकरी बायकोपुढं ओरडत चाललाय, हा देखावा कुणी कधी बघितला नव्हता. काठीपुढं करतात तसा 'भक्तलिंग हर्र' हा गजर कुणीतरी केला आणि सगळे हसले. सिद्धाप्पाला ऐकू गेलं नाही. त्याला वेळ नव्हता. तो रस्ता बघत होता.

घरात आल्यावर चन्नम्मानं घागरी उतरवल्या आणि डोळे उघडले. पदर कोरडा होता. सिद्धाप्पा तिथंच बसला आणि म्हणाला, "आपल्या गल्लीत एवढं दगड हायत, हे कुणी सांगितलंच न्हाय मला."

रोज पाणी असंच यायला लागलं. लोक चेष्टा करायचे. पानाच्या दुकानावर ठरलं की चन्नम्माला लैसन मिळणार आणि सिद्धाप्पाला घागर. अंबुबाईंनी आपल्या नवऱ्यालाही असंच पुढं चालायला सांगितलं, तर तो दुसरीकडं बघत गेला आणि दोघं म्हशीवर आदळली. सिद्धाप्पा कुणाला उत्तर देत नव्हता. गाडीवर बसला की आता तो स्वतःशीच बोलायचा, मोठ्यानं, काठीभोवतीची माणसं ओरडतात तसा. बैलगाडी हाय, दम. खड्डा, बलक्क. पाटी, फाटकाची, बघितली, झालं, आता रस्ता. चाचानं पहिल्या दिवशी कान टवकारले, दुसऱ्या दिवशी पान थुंकलं, आणि तिसऱ्या दिवशी शिव्या देणं थांबवलं. गाडी मोडनिंबला सरळ गेली.

दुसरी परीक्षा संक्रांतीला थोडे दिवस असताना आली. फौजदारांना त्या दिवशी दुसरं काम निघालं, त्यामुळं सिद्धाप्पा पोलीस मैदानावर बसून राहिला आणि उन्हं कलल्यावर त्याला बोलावलं. तोंडी प्रश्न फौजदारांनी विचारलेच नाहीत. ते शेजारी बसले, सिद्धाप्पाकडं बघितलं, आणि म्हणाले, चल. पुन्हा तीच शांतता.

सिद्धाप्पानं परवानगी मागितली. "साहेब, मी जरा बोलत चालवतो. तुमच्याशी न्हवं, माझ्याशी."

फौजदारांनी भुवया वर केल्या, पण नाही म्हणाले नाहीत.

मग गाडी निघाली आणि सिद्धाप्पाचं बोलणं निघालं. सायकल हाय. म्हातारी हाय, थांबली. वळण, हात बाहेर, उजवं. पाटी बघितली, आता रस्ता. फौजदार आधी कंटाळले, मग ऐकायला लागले, मग त्यांचे डोळेही त्याच्या शब्दांमागं जायला लागले, कारण तो म्हणेल ते पुढच्या क्षणी समोर दिसायचंच. होटगी रस्ता झाला, फाटक झालं, गाडी वळून सिद्धेश्वराच्या तलावाच्या बाजूनं गावाकडं आली.

आणि समोरून हलगी ऐकू आली.

यात्रेआधी काठ्यांचा सराव असतो. त्या संध्याकाळी सरावाची काठी निघाली होती. गर्दीच्या मधोमध ती उंच काठी, आणि काठीखाली बसलिंगा. रस्त्यावरचा प्रत्येक जण वर बघत होता. फौजदारांनीही वर बघितलं. टोपी मागं सरकली तरी त्यांना कळलं नाही. ज्या माणसानं इतकी वर्षं तोच शेंडा नजरेत धरला होता, त्याला आता वर न बघणं म्हणजे काय, हे तुमच्याआमच्यासारख्यांनी सांगण्यात अर्थ नाही. त्याच्या मानेची शीर ताठ झाली. हनुवटी थोडी उचलली गेली.

मग तो मोठ्यानं म्हणाला, मिरवणूक हाय. हात वर केला, गाडी डाव्या कडेला घेतली, थांबवली, इंजिन बंद केलं. आणि डोळे खाली ठेवले, पायांवर, जिथं ती चार माणसं बघतात तिथं.

पण ती चार माणसं खाली बघत नव्हती. ती मोटारीकडं बघत होती. आपला सिद्धाप्पा चाकावर, आणि शेजारी फौजदार! एकानं तर हात वर करून ओळख दाखवली. त्यांच्या पुढं रस्त्याच्या कडेनं नळासाठी चर खणलेला, माती अर्धी घसरलेली. बसलिंगाला मागून गर्दीचा रेटा आला आणि तो त्या चराकडं सरकायला लागला. त्याची नजर शेंड्यावर. त्याच्या कानात कुणाचाच आवाज नव्हता.

सिद्धाप्पा गाडीतच उभा राहिला.

"बसलिंगा, निल्लु!"

बसलिंगा थांबला. हलगी थांबली. पाय चराच्या काठावर होता आणि काठाची माती हळूहळू सुटत होती.

"चर हाय डाव्या अंगाला. पाय उचलू नगो, मागं घासत घे. हां. बलक्क. आजून एक. आता मोकळं हाय, टाक पाय."

काठी एका बाजूला कलली, सगळ्या लोकांचा श्वास तिच्याबरोबर कलला. मग ती हळूहळू सरळ झाली. बसलिंगानं एकदाही खाली बघितलं नाही. आवाज कुणाचा आहे हेही त्यानं विचारलं नाही. ज्या आवाजानं त्याला काठी धरायला शिकवलं होतं, तो त्याला ओळखू आलाच असणार. चार जणांनी तोंडात मारल्यासारखं खाली बघायला सुरुवात केली. मग गर्दीतून जो 'भक्तलिंग हर्र' उठला, तो तलावाच्या पलीकडल्या काठापर्यंत गेला.

काठी पुढं गेली. फौजदारांनी टोपी नीट केली. 

"शेंड्याला काय बांधलं होतं?" त्यांनी एकदम विचारलं.

सिद्धाप्पा गोंधळला. आठवायचा प्रयत्न केला. मग म्हणाला, "ते न्हाय सांगता यायचं, साहेब. बसलिंगाच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली हुती, तेवढं बघितलं."

फौजदार हसले. कातरलेल्या मिशांखालून हसू बाहेर पडलेलं त्यांच्या शिपायानंही आधी कधी बघितलं नसेल. म्हणाले, गाडी ठाण्यावर घे, कागद तिथं आहेत.

लैसन घेऊन सिद्धाप्पा बाळीवेशीत आला तेव्हा गल्लीत गोष्ट चौथ्यांदा सांगून झाली होती. अंबुबाईंच्या सांगण्यात आता गाडी चराच्या वरून उडालेली होती आणि फौजदार साहेबांनी काठीला हात लावून नमस्कार केला होता. पानाच्या दुकानावर ज्यांनी घागरीचा विनोद काढला होता तेच आता मी आधीच म्हणत होतो असं म्हणत होते. सिद्धाप्पा त्या गर्दीतून पाय सांभाळत घरी आला आणि चन्नम्माच्या समोर उभा राहिला. लैसन तिच्या हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं ते दोन्ही बाजूंनी बघितलं.

"नाक सरळच हाय तुझं," सिद्धाप्पा म्हणाला.

चन्नम्मानं लैसन देव्हाऱ्याखाली ठेवलं आणि भाकरी थापायला बसली. तिचे कान लाल झाले होते, असं अंबुबाई म्हणतात. त्या कुठून बघत होत्या ते मात्र सांगत नाहीत.

संक्रांत झाली. पुण्याचा चष्मेवाला एक दिवस येऊन परत गेला. यात्रा उतरल्यावर मकदूमचाचाचा जायचा दिवस ठरला. त्याला गुलबर्ग्याची गाडी रात्रीची होती, पण तो सकाळीच मोटारीवर आला, म्हणाला एकदा मोडनिंबपर्यंत जाऊन येतो. चाक त्यानं धरलं नाही. मागच्या बाकावर, केराबाई आणि तिच्या कोंबड्यांच्या शेजारी बसला. सिद्धाप्पानं हँडल मारायला नवा क्लीनर ठेवला नव्हता अजून, स्वतःच उतरून हँडल मारलं आणि चढला.

गाडी वेशीबाहेर पडली. सिद्धाप्पा मोठ्यानं रस्ता सांगत चालला होता: ऊसगाडी, दम, मेंढरं हायत, थांबा जरा, पूल, हळू. उतारू ऐकत होते, माना डोलवत होते. केराबाई चाचाकडं वळून काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. तिनं बाकीच्यांना हातानं दाखवलं.

मकदूमचाचा, ज्यानं उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत एक पापणी मिटली नव्हती, मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून, मोहोळच्या अलीकडंच घोरत होता.